सॉफ्ट पेस्टलमध्ये स्थिरचित्र करताना रंग मळकट का होतात?

आपण विचारले आहे की, जलरंगाचा चांगला सराव असूनही सॉफ्ट पेस्टलमध्ये फळे-भांडी रंगवायला घेतली की रंग मळकट होतात आणि फळे सपाट दिसतात, तर दोष कागदाचा की रंगांचा? मी बडोद्यात राहतो आणि बरीच वर्षे मुख्यतः पेस्टलमध्येच स्थिरचित्रे करत आलो आहे. माझ्या अनुभवाने दोष बहुधा दोन्हींचा नसतो; छायाप्रकाश पक्का होण्याआधीच बोटाने रंग घासायला सुरुवात केली जाते, तिथे चित्र बिघडते.

सॉफ्ट पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य, थोडा खडू आणि जेमतेम कांडी टिकून राहील इतकाच डिंक असतो. हे कण कागदाच्या खरखरीतपणात अडकून राहतात. बोटाने घासले की कागदाची बारीक छिद्रे भरून जातात, पुढचा थर धरत नाही, आणि जांभळ्याशेजारचा पिवळा त्यात मिसळून राखाडी होतो. जलरंगात आपण कागदाचा पांढरेपणा राखत फिकटाकडून गडदाकडे जातो. पेस्टलमध्ये गडद आणि मध्यम छटा आधी लावून प्रकाश शेवटी आणायचा असतो. जलरंगाची सवय असलेल्याला हा बदल सर्वांत जड जातो. म्हणून पांढऱ्याऐवजी करड्या किंवा मातकट रंगाचा, थोडा खरखरीत कागद घ्यावा, म्हणजे मध्यम छटा आयतीच मिळते. मुलांच्या दप्तरात असतात ते बहुतेक ऑइल पेस्टल असतात. त्यांत मेण आणि तेल असल्याने इथे सांगितलेले बरेचसे त्यांना लागू पडत नाही.

मांडणीत वस्तू थोड्याच असाव्यात, पण एकमेकींपासून पोताने वेगळ्या असाव्यात. खंडेराव मार्केटमधून आणलेली दोन वांगी, एक पिकलेला पेरू आणि घरातला तांब्याचा तांब्या एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे आहे. प्रकाश एकाच बाजूने यावा. उत्तरेची खिडकी उत्तम असे सर्वत्र सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्याने जूनमध्ये आपल्याकडे सूर्य बराच उत्तरेला उगवतो आणि तिकडेच मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ याच खिडकीतून तिरपे ऊन आत येते आणि सावल्या पाहता पाहता सरकतात. त्या दिवसांत खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे किंवा दुपारीच काम करावे.

आता वांगे आणि तांब्या शेजारी ठेवून नीट पाहा. वांग्याच्या सालीवरची चकाकी खिडकीतल्या आकाशाच्या रंगाची, म्हणजे निळसर फिकट दिसते. तांब्यावरची चकाकी मात्र नारिंगी-गुलाबी झाक घेऊन येते, कारण धातू प्रकाश परत फेकताना त्याला आपला रंग देतो. दोन्हीकडे एकच पांढरी कांडी वापरली, तर दोन्ही वस्तू एकाच प्लास्टिकच्या वाटू लागतात. तांब्याचा गडद भाग काळ्याने भरू नये. गडद तपकिरीवर गडद हिरव्याच्या विरळ, तिरप्या रेघा ओढाव्यात, घासू नयेत. तांब्याच्या पोटात पेरूचे हिरवट-पिवळे प्रतिबिंब पडलेले असते, तेही त्याच रेघांत बसवावे. सर्वांत शेवटी चकाकीसाठी मऊ कांडी एकदाच दाबून उचलावी आणि त्या ठिकाणाला पुन्हा हात लावू नये. फळाला गोलाई येते ती सावलीच्या कडेने; म्हणून तळाशी, टेबलाकडून उसळलेला मंद प्रकाश जरूर टिपावा, मात्र तो उजेडातल्या भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे.

घासणे सर्वस्वी वर्ज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. जिनिव्हाच्या झाँ-एतिएन लिओतार यांनी 1782 च्या सुमारास, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, पेस्टलमध्ये फळांची चित्रे केली. त्यांचे काम अत्यंत गुळगुळीत आहे. याउलट फ्रेंच चित्रकार देगाने रेघांवर रेघांचे थर चढवून त्या उघड्याच ठेवल्या. मला दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटतो, कारण रंगाचा ताजेपणा त्यात टिकतो. पण पहिल्या थरात पार्श्वभूमी कापडाने हलकेच पसरवून घ्यायला काहीच हरकत नाही.

फिक्सेटिव्हने, म्हणजे रंगाचे कण कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, फिकट छटा काळवंडतात, म्हणून ते मधल्या थरांवर लांबून, हलके मारावे आणि शेवटचा प्रकाश त्यानंतर लावावा. भुकटी तोंडाने फुंकू नये; काही रंगद्रव्ये विषारी असतात, त्यामुळे कागद उभा धरून मागून टिचकी मारावी आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला आणि डिंकाला बुरशी धरते, तेव्हा चित्र ओलसर भिंतीवर टांगू नये. फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालून अंतर ठेवायला सांगावे आणि काचेऐवजी साधे अ‍ॅक्रिलिक घेऊ नये, कारण त्यावरील स्थिर विद्युतभार रंगाचे कण कागदावरून ओढून घेतो.