‘पक्की नोकरी’ म्हणण्याआधी: गार्डमधल्या टेक्निशियनच्या जागेबद्दल

“सरकारी आहे, पक्की आहे, घरचे म्हणतात घेऊन टाक.” तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य मी २००९ साली नाशिकच्या मामाशी फोनवर जसंच्या तसं बोललो होतो. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: अमेरिकेच्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये (राज्यांचं अर्धवेळ सैन्य) सहा वर्षं झाली, एका खासगी ट्रक वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहात, बायको सध्या घरी, मुलगी तीन वर्षांची, आणि गार्डच्याच वर्कशॉपमध्ये पूर्णवेळ ड्युअल-स्टेटस टेक्निशियनची (नोकरी नागरी, पण गार्डचं सदस्यत्व सक्तीचं) जागा निघाली आहे. तासाचा दर थोडा कमी आहे, पण पेन्शन आहे. डब्ल्यूजी ही तासाच्या पगाराची श्रेणी कशी वाचायची, टीएसपी या निवृत्तीच्या बचत खात्यात पाच टक्के टाकायचे म्हणजे पूर्ण मॅच मिळतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडतो.

मी वकील नाही. माझा अनुभव एका राज्याचा आणि २००९ ते २०१८ या काळाचा आहे. त्याआधी काही वर्षं सक्रिय सैन्यात होतो. नियम बदलतात, तेव्हा माझा शब्द प्रमाण न मानता प्रत्येक गोष्ट लेखी विचारून घ्या.

आता मुद्दा. ही नोकरी नागरी आहे, पण ती उभी आहे गणवेशावर. १९६८ च्या टेक्निशियन कायद्याने आपण केंद्र सरकारचे नागरी कर्मचारी झालो, आणि त्याच कायद्याने अट घातली की गार्डचं सदस्यत्व टिकलं तरच नोकरी टिकेल. ही अट सगळ्यांनी वाचलेली असते, मीही वाचली होती. पण सदस्यत्व जाणं म्हणजे काहीतरी गैरवर्तन करून हाकललं जाणं, अशी माझी समजूत होती. सदस्यत्व गुडघ्याने जातं, ऐकू कमी येण्याने जातं, वजनाने जातं. साखरेसाठी इन्सुलिन सुरू झालं की मेडिकल बोर्डासमोर उभं राहावं लागतं, आणि आपल्या घराण्यांत साखर कुणाला नाही? खासगी वर्कशॉपच्या मालकाला तुमच्या साखरेशी काही देणंघेणं नसतं, गिअरबॉक्स नीट बसला की झालं.

माझ्या मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं आणि चार महिन्यांनी मी पुन्हा ट्रकखाली काम करत होतो. जड उचलायचं नाही, बाकी सगळं जमत होतं, आणि साहेबही कामावर खूश होते. पण पाठीवर ओझं घेऊन मैलोन्‌मैल चालणं आणि धावणं जमणार नाही असा कायमचा शेरा डॉक्टरांनी दिला, प्रकरण बोर्डाकडे गेलं, आणि बोर्डाने लष्करी सेवेसाठी अपात्र ठरवलं. मागोमाग नागरी नोकरीची ३० दिवसांची नोटीस आली. जे काम मी त्या दिवशी सकाळीही करत होतो, त्याच कामावरून.

इथवर जे झालं ते कायद्याप्रमाणे झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे जे झालं त्याचा राग सात वर्षांनी आजही आहे.

निघण्याआधी कर्मचारी विभागाच्या कार्यालयात बोलावलं. मी सरळ विचारलं, डिसअॅबिलिटी पेन्शनचं काय? टेबलापलीकडून उत्तर आलं, तुम्ही तर धडधाकट आहात, बाहेर कुठेही मेकॅनिक म्हणून काम करू शकता, तुम्हाला ते लागू होत नाही. आणि हातात फर्सच्या, म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनेच्या, पेन्शनमध्ये भरलेली रक्कम परत घेण्याचा फॉर्म दिला. मी मान डोलावली आणि बाहेर आलो. “हेच मला लिहून द्या” एवढं वाक्य मी बोललो नाही. तीच माझी चूक, आणि आयुष्यातली सर्वांत महाग चूक.

कारण उत्तर चुकीचं होतं. एरवी फर्सच्या डिसअॅबिलिटी पेन्शनसाठी आपण आपलं नागरी काम करू शकत नाही हे दाखवावं लागतं. पण लष्करी टेक्निशियनसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे, केंद्रीय कायदेसंहितेतलं कलम ५ यूएससी ८४५६. ज्या दुखण्यामुळे गार्डचं सदस्यत्व गेलं आणि त्यापायी नोकरी गेली, ते दुखणं तिथे मोजलं जातं. ट्रकखाली काम जमतं की नाही हा तिथे निकष नाही. अटी आहेत: किमान १८ महिन्यांची नागरी सेवा हवी, आणि सरकारने देऊ केलेली योग्य जागा तुम्ही नाकारलेली नसावी. माझी सेवा नऊ वर्षांची होती आणि मला दुसरी जागा कुणी देऊ केलीच नव्हती.

आणि मुदत आहे. नोकरी सुटल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज ओपीएमकडे (केंद्राच्या कर्मचारी कार्यालयाकडे) पोचला पाहिजे. या मुदतीतून सूट फक्त मानसिकदृष्ट्या असमर्थ असलेल्या माणसाला मिळते. “मला चुकीचं सांगितलं गेलं” हे कारण चालत नाही, विशेषतः सांगितलेलं कुठे कागदावर नसेल तर.

मला हे कळलं तेव्हा १४ महिने झाले होते. शेजारच्या राज्यातला एक जुना टेक्निशियन एका बारशाला भेटला. त्याने सहज विचारलं की तुझा अर्ज मंजूर व्हायला किती वेळ लागला. कसला अर्ज, असं मी विचारल्यावर तो काही क्षण माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी तरीही एसएफ ३११२ चे, म्हणजे त्या अर्जाचे, कागद भरून पाठवले. मुदतीबाहेर म्हणून परत आले.

आकडा सांगतो, म्हणजे वजन कळेल. पहिल्या वर्षी सर्वोच्च पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीच्या ६० टक्के आणि त्यानंतर वयाच्या ६२ पर्यंत ४० टक्के, त्यातून सोशल सिक्युरिटीची डिसअॅबिलिटी मिळत असेल तर तिचा वाटा वजा, असा सर्वसाधारण हिशेब असतो. माझी सरासरी ५६,००० डॉलर होती. म्हणजे पहिल्या वर्षी ३३,६०० आणि पुढे दरवर्षी २२,४००. तेव्हा माझं वय ३५ होतं. अपात्रता टिकली असती तर ६२ पर्यंत सहा लाख डॉलरच्या वर रक्कम जाते. शिवाय जुन्या जागेच्या पगाराच्या ८० टक्क्यांच्या आत राहून बाहेर कमवताही आलं असतं, आणि आरोग्य विमा चालू राहिला असता तो वेगळाच. हा हिशेब मी बायकोला दाखवला तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त उठून गॅस बंद केला.

सुदैवाने तो परताव्याचा फॉर्म मी भरला नव्हता, त्यामुळे ६२ व्या वर्षी नऊ वर्षांची छोटी पेन्शन तरी मिळेल. तो फॉर्म कुणी पुढे सरकवला तर घाईने सही करू नका. आणि लष्कराकडून १५ वर्षांचं पत्र मिळालं: दुखण्यामुळे बाहेर पडावं लागलेल्या गार्ड सदस्याची १५ ते २० पात्र वर्षं झाली असतील, तर ६० व्या वर्षी लष्करी पेन्शन मिळू शकते. हेही मीच शोधून काढलं.

म्हणून माझं ठाम मत: जागा घ्या की घेऊ नका, त्याआधी एक प्रश्न लेखी विचारा. “उद्या वैद्यकीय कारणाने माझं सदस्यत्व गेलं, तर मला काय काय मिळेल, कुणाकडे आणि किती दिवसांत अर्ज करायचा?” उत्तर ईमेलवर घ्या आणि त्याची प्रत सरकारी खात्यात न ठेवता घरच्या खात्यात ठेवा. सरकारी ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

आता तुमच्या घरापुरतं. मुलगी लहान आहे आणि पोस्टमध्ये ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्टचा (टीआरएस, गार्डच्या अर्धवेळ सदस्यांचा लष्करी आरोग्य विमा) उल्लेख आहे. टेक्निशियन झालात की तुम्ही केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या एफईएचबी विम्याला पात्र होता, आणि नुसतं पात्र असणं पुरतं, टीआरएस हातातून जातो. २०२० च्या संरक्षण कायद्याने ही आडकाठी काढली, पण ती १ जानेवारी २०३० पासून. तोवर कुटुंबाचा एफईएचबीचा हप्ता टीआरएसपेक्षा बराच जास्त पडेल. तासाचा दर “थोडा कमी” म्हणताना हा फरक धरलाय का? ओव्हरटाइम धरलाय का? टेक्निशियनला ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत, बदली सुट्टी मिळते. तैनातीआधीच्या महिन्यांत गाड्या तयार करताना मी मोप तास भरले, आणि ती सुट्टी घ्यायला पुढे मोकळा आठवडा सापडायचा नाही. गार्डच्या भरतीचा बोनस चालू असेल तर तो करारही काढून बघा, टेक्निशियनची कायम जागा घेतल्यावर बोनस थांबवण्याचं कलम त्यात असू शकतं.

दुखापतीबद्दल एक गोष्ट, कारण ही माझ्या डोळ्यांदेखत घडली. सोमवार ते शुक्रवार आपण त्याच गणवेशात, त्याच वर्कशॉपमध्ये, त्याच ट्रकखाली असतो, आणि ड्रिलच्या, म्हणजे गार्डच्या सरावाच्या, शनिवारीही. पण शुक्रवारी हात चेंगरला तर प्रकरण श्रम खात्याकडे जातं, सीए-१ हा दुखापतीचा फॉर्म भरून. तो ३० दिवसांच्या आत भरला तर ४५ दिवसांपर्यंत पगार चालू राहतो. शनिवारी चेंगरला तर प्रकरण लष्कराचं, ‘लाइन ऑफ ड्यूटी’चा वेगळा कागद. माझ्या सहकाऱ्याचं बोट शुक्रवारी दुपारी चेंगरलं. सोमवारी बघू म्हणाला, शनिवारी सुजलेला हात घेऊन ड्रिलला आला, आणि मेडिकने शनिवारची तारीख टाकली. मग लष्कर म्हणे हे ड्रिलमधलं नाही, श्रम खातं म्हणे कागदावर शनिवार आहे. लागलं की त्याच दिवशी कागद करा, बोटावर पट्टी बांधून हसत घरी जाऊ नका.

गणवेश घालतो म्हणून आपण सैनिक, हा भ्रमही सोडा. मिशिगन गार्डच्या एका टेक्निशियनचं पेन्शनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ८ विरुद्ध १ असा निकाल लागला: हे काम नागरी आहे, गणवेशात केलं तरी. टेक्निशियन म्हणून केलेली वर्षं सक्रिय सेवा म्हणून धरली जात नाहीत. म्हणून एजीआरची (गार्डमधलीच पूर्णवेळ लष्करी नोकरी) जागा मिळण्याची जरा जरी शक्यता असेल, तर मी तिची वाट बघेन. तिथे २० वर्षांच्या सक्रिय सेवेनंतर लगेच पेन्शन सुरू होते आणि ट्रायकेअरही मिळतो. यावर बरेच जण माझ्याशी वाद घालतील. ज्याला त्याच राज्यात, त्याच गावात राहायचंय त्याला टेक्निशियनची जागा सोयीची असते, हे मान्य आहे.

घेतलीच, तर बेसिक, एआयटी (सुरुवातीची दोन लष्करी प्रशिक्षणं) आणि तैनातीचे सक्रिय सेवेचे दिवस फर्समध्ये जमा करून घ्या. त्या काळातल्या मूळ पगाराच्या तीन टक्के भरायचे असतात, आणि रुजू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत भरले तर व्याज लागत नाही. “निवृत्तीच्या वेळी करू” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एएसईची, म्हणजे मेकॅनिकची, प्रमाणपत्रं कालबाह्य होऊ देऊ नका. मी होऊ दिली, आणि नोटिशीच्या त्या ३० दिवसांत मला परीक्षांचा अभ्यास करावा लागला.

ओसीआयबद्दलही (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) सांगतो, कारण तुमच्या आईवडिलांचं घर साताऱ्याला आहे असं लिहिलंय. परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. गार्डमध्ये असल्यामुळे हा प्रश्न तुम्हाला आजही आहे, नोकरी घेतली म्हणून नव्याने येणार नाही. पण घरी तातडीने जावं लागलं तर व्हिसा लागेल, हे धरून चाला. माझी आजी गेली तेव्हा मी व्हिसाची वाट बघत बसलो होतो.

जागेच्या जाहिरातीत ‘परमनंट’ लिहिलंय की ‘इंडेफिनिट’, ते आज बघा. ‘इंडेफिनिट’ असेल तर सदस्यत्व शाबूत असतानाही ३० दिवसांच्या नोटिशीवर जागा संपू शकते, आणि मग मी म्हणेन आहे ती नोकरी सोडू नका. काय लिहिलंय ते इथे सांगा, आणि सध्याच्या वर्कशॉपमध्ये विम्याची काय सोय आहे तेही. मी रविवारी पुन्हा बघतो.