सॅन अँटोनियोला मुलीला घेऊन जाताय? आधी नवारो आणि सेगीन

तुमची मुलगी ऑगस्टमध्ये सॅन अँटोनियोत सातवीला बसणार आणि तेहानो मंडळींची ओळख तिला कुठून करून द्यावी, असं तुम्ही विचारलंय. टेक्ससमध्ये राज्याचा इतिहास चौथीत आणि पुन्हा सातवीत असतो. आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती होतात, तसा तिथल्या मुलांचा अलामो (सॅन अँटोनियोतलं ठाणं, १८३६ मध्ये मेक्सिकन फौजेने वेढा घालून घेतलेलं) चौथीतच होऊन गेलेला असतो. तिची ती फेरी हुकली आहे, म्हणून आत्ताच लागा.

तेहानो म्हणजे टेक्ससमध्ये रुजलेले मेक्सिकन वंशाचे लोक. सुरुवात होसे अँटोनियो नवारोंपासून करा. त्यांच्या एका आयुष्यात (१७९५–१८७१) या गावाने स्पेन, १८२१ पासून मेक्सिको, १८३६ पासून टेक्सस प्रजासत्ताक, १८४५ पासून अमेरिका आणि १८६१ ते ६५ दक्षिणेचा संघ (यादवी युद्धात अमेरिकेतून फुटलेली राज्यं), इतक्या राजवटी पाहिल्या. हा क्रम आधी पक्का करून घ्या. तो कच्चा राहिला की मुलं 'मेक्सिकन विरुद्ध टेक्सन' अशी सरळ वाटणी करतात आणि उत्तर तिथेच चुकतं. २ मार्च १८३६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत टेक्ससमध्ये जन्मलेले दोघेच होते: नवारो आणि त्यांचे मामा होसे फ्रान्सिस्को रुइझ. युकातानचे लोरेन्झो दे झवाला हेही सही करणारे. ते हंगामी उपाध्यक्ष झाले. (पुस्तकांच्या सूचीत त्यांचं नाव 'दे'खाली नाही, 'झवाला'खाली शोधा.)

हुआन सेगीनना मात्र जास्त वेळ द्या. वेढ्यात अडकलेल्या अलामोतून मदत मागायला त्यांना बाहेर पाठवलं, म्हणून ते वाचले. २१ एप्रिलला मेक्सिकोविरुद्धच्या सॅन हासिंतोच्या लढाईत त्यांची तेहानो तुकडी टोपीत पुठ्ठ्याचे तुकडे खोचून लढली, आपल्याच लोकांनी शत्रू समजून गोळी घालू नये म्हणून. पुढे ते सॅन अँटोनियोचे महापौर झाले. पण १८४२ मध्ये फितुरीचे आरोप आणि नव्याने आलेल्या गोऱ्या अमेरिकनांच्या धमक्या यांमुळे त्यांना मेक्सिकोत पळावं लागलं, आणि त्याच वर्षी ते मेक्सिकन फौजेबरोबर परत आले. सक्तीने, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. गोष्ट सॅन हासिंतोवर थांबवली तर ते नुसते वीर ठरतात, १८४२ पासून सुरू केली तर नुसते फितूर. दोन्ही अन्याय आहेत. त्यांचा मृत्यू १८९० मध्ये नुएव्हो लारेदोला झाला. अवशेष पुढे त्यांच्याच नावाच्या सेगीन गावी आणून १९७६ मध्ये पुरले.

तिथे पोहोचल्यावर अलामोआधी कासा नवारो, म्हणजे नवारोंचं घर, दाखवा. ते गावाच्या मध्यभागीच आहे. अलामोच्या गर्दीत मुलांच्या लक्षात तोफा राहतात. इथे माणूस दिसतो. उच्चारही सांगून ठेवा: जिल्ह्याच्या नावात (Bexar) एक्स आहे, पण लोक 'बेअर' म्हणतात. वाचायला 'हँडबुक ऑफ टेक्सस' हा टेक्ससच्या इतिहासाचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. तिथे शोधताना स्पॅनिश अक्षरांवरच्या खुणांची काळजी नको, साधं स्पेलिंग चालतं.

शाळेच्या प्रकल्पाला विसाव्या शतकातलं नाव हवं असेल तर एम्मा टेनायुका घ्या. १९३८ मध्ये पेकन (अक्रोडासारखं कवचाचं फळ) फोडणाऱ्या सुमारे १२,००० कामगारांनी, त्यांत बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका, मजुरी कापल्यावर संप केला, तेव्हा त्यांच्या पुढारी एम्मा अवघ्या २१ वर्षांच्या होत्या. लवादानंतर मजुरी वाढली, त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आला, आणि मग मालकांनी यंत्रं आणून हजारोंना घरी बसवलं. हा शेवटचा भाग प्रकल्पातून गाळू देऊ नका.