मेम्ब्रेनवर संशोधन करायचं आहे? आधी प्लांटवर जा

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. प्रकल्पासाठी मेम्ब्रेन बायोरिॲक्टरमधल्या (जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करून ते बारीक छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गाळणारी टाकी) फाउलिंगबद्दल, म्हणजे मेम्ब्रेन तुंबण्याबद्दल, वाचलं आणि विषय मनात बसला. एका सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर शिकाऊ ऑपरेटरची जागा मिळते आहे. पण सर म्हणतात, ‘तिथे वेळ घालवू नकोस, थेट एम.एस्सी. करून मेम्ब्रेनच्या नव्या मटेरियलवर संशोधन कर.’ आईबाबांना सांडपाण्याचं काम मुळातच पसंत नाही. आणि मला भीती वाटते, की हे क्षेत्र केमिकल इंजिनीअरांचंच असेल. काय करू?

उत्तर : तुझ्या भीतीपासूनच सुरुवात करते, कारण ती अगदी अनाठायी आहे. मेम्ब्रेन बायोरिॲक्टरमध्ये जे मेम्ब्रेनला तुंबवतं, त्यातला मोठा भाग जिवाणूंनी तयार केलेला असतो. तिथल्या मेम्ब्रेनची छिद्रं साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची. जिवाणू त्यातून जात नाही, पण तो जी चिकट पॉलिसॅकराइडं आणि प्रथिनं बाहेर सोडतो, ती छिद्रात शिरतात, पृष्ठभागावर बसतात आणि मागून येणाऱ्या गाळाला (टाकीतल्या जिवाणूंच्या पुंजक्यांना) धरून ठेवतात. हे जिवाणू कधी जास्त चिकट पदार्थ सोडतात? गाळाचं वय (गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते) कमी असताना, मिठाचं प्रमाण एकाएकी वाढल्यावर, अन्न अचानक वाढलं किंवा तुटलं तर, ऑक्सिजन कमी पडला तर. हे सगळे तुझ्या विषयाचे प्रश्न आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली गाळाचे पुंजके सैल पडलेले किंवा तंतुमय जिवाणू वाढलेले ओळखणारी व्यक्ती प्लांटवर असेल, तर पुढची अडचण दाबमापकावर दिसायच्या आधी कळू शकते.

याच क्षेत्रात सूक्ष्मजीवशास्त्राने काय करून दाखवलं आहे, तेही सांगते. जिवाणू रासायनिक संदेश पाठवून एकमेकांची संख्या जोखतात आणि मग एकत्रितपणे थर बांधतात. हे संदेशच तोडले तर मेम्ब्रेनवरचा थर मंदावेल, ही कल्पना सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या चुंग-हाक ली यांच्या गटाने २००९ मध्ये मेम्ब्रेन बायोरिॲक्टरमध्ये वापरून दाखवली. आधी त्यासाठी एन्झाइम वापरलं, पुढे संदेश तोडणारे जिवाणूच छोट्या मण्यांत बंदिस्त करून टाकीत सोडले. हे काम जिवाणू ओळखणाऱ्या माणसांशिवाय झालंच नसतं.

आता तुझ्या सरांचा सल्ला. त्यांचा हेतू चांगला आहे, पण क्रम मला पटत नाही. नव्या मटेरियलच्या चाचण्या प्रयोगशाळेत बहुतेकदा अल्ब्युमिन किंवा अल्जिनेटसारख्या एखाद्याच शुद्ध पदार्थाच्या द्रावणावर होतात, काही तास किंवा काही दिवस. प्लांटवरचं मेम्ब्रेन वर्षानुवर्षं गाळात बुडून असतं. एकदा त्यावर पहिला पातळ थर बसला, की पुढचा गाळ मेम्ब्रेनला चिकटतच नाही, तो त्या थराला चिकटतो. मग खालचं मटेरियल कितीही पाणीप्रिय असो, त्याचा प्रभाव ओसरतो. मटेरियलचं संशोधन व्यर्थ आहे, असं मी म्हणत नाही. पण रोजचं फाउलिंग आटोक्यात राहतं ते मुख्यतः चालवण्याच्या पद्धतीने, आणि ती पाहिल्याशिवाय संशोधनाचा प्रश्न निवडलास, तर चुकीचा प्रश्न निवडला जाण्याची शक्यता मोठी.

प्लांटवर गेल्यावर सगळ्यात आधी टीएमपीचा आलेख वाचायला शिक. टीएमपी म्हणजे मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक. पंप ठरलेला फ्लक्स, म्हणजे मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमधून तासाला जाणारं पाणी, ओढत राहतो. मेम्ब्रेन तुंबत गेलं, की तेवढंच पाणी ओढायला जास्त दाब लागतो. बराच काळ हा दाब हळूहळू चढतो आणि मग एकाएकी उसळी घेतो. कारण असं, की काही भाग बंद पडले की त्यांच्या वाट्याचं पाणी उरलेल्या भागांवर येतं, तिथला फ्लक्स मर्यादेबाहेर जातो आणि तेही झपाट्याने बंद पडतात. या मर्यादेला क्रिटिकल फ्लक्स म्हणतात. १९९५ मध्ये रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी ही संकल्पना मांडली. उसळी आल्यावर धावपळ करणारा ऑपरेटर आणि आधीचा संथ चढ पाहून फ्लक्स कमी करणारा ऑपरेटर, यांच्या प्लांटवरच्या मेम्ब्रेनचं आयुष्य सारखं राहत नाही.

एक उदाहरण देते. थंडी पडली आणि आठवड्याभरात टीएमपी वाढला. लगेच रासायनिक धुलाई करायची? आधी पाण्याचं तापमान बघ. १० अंश सेल्सिअसचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक दाट वाहतं, म्हणून स्वच्छ मेम्ब्रेनवरसुद्धा दाब वाढतो. तापमानाचा हिशेब घालून पाहिल्यावर फरक उरला नाही, तर ती धुलाई वाया जाणार, आणि हायपोक्लोराइटच्या प्रत्येक धुलाईने मेम्ब्रेनचं थोडं आयुष्य कमी होतं. फरक उरला, तर पुढचा प्रश्न : सेंद्रिय थर आहे की क्षारांचा? पहिल्यासाठी हायपोक्लोराइट, दुसऱ्यासाठी सायट्रिक ॲसिड. (ही दोन्ही रसायनं कधीही एकत्र येऊ द्यायची नाहीत, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून घे.) आणि कधीकधी यातलं काहीच नसतं. सुरुवातीची बारीक जाळी नीट काम करत नसते, केस आणि धागे आत येऊन मेम्ब्रेनच्या पोकळ तंतूंना गुंडाळलेले असतात, किंवा खालून येणाऱ्या हवेची भोकं बुजलेली असतात. हवेचे बुडबुडे मेम्ब्रेन घासत नसतील, तर कोणतंही रसायन फार दिवस पुरत नाही.

काझुओ यामामोटो आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये १९८९ मध्ये मेम्ब्रेन थेट हवा खेळणाऱ्या टाकीत बुडवलं आणि मधेमधे पाणी ओढणं थांबवलं. आज जगभर हीच रचना चालते, आणि त्या हवेवर खर्च होणारी वीज हा अजूनही या तंत्राचा दुखरा भाग आहे. कमी हवेत मेम्ब्रेन स्वच्छ कसं ठेवायचं, हा तुझ्या एम.एस्सी.चा विषय होऊ शकतो.

आईबाबांशी बोलताना काही लपवू नकोस. शिफ्ट असतात, वास असतो, हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा धोका असतो. बंदिस्त जागेत वायू तपासल्याशिवाय आणि बाहेर सोबती उभा असल्याशिवाय उतरायचं नाही. लसी घ्याव्या लागतात. पण ते पाणी पुन्हा नदीत जाणार आहे किंवा पुन्हा वापरलं जाणार आहे, आणि ते कसं जाईल हे त्यांच्या मुलीच्या हातात असेल, हेही त्यांना सांग. पुढे मेम्ब्रेन पुरवणाऱ्या कंपन्यांच्या सेवा विभागात, सल्लागार संस्थांत, निकामी मेम्ब्रेन कापून तपासणाऱ्या प्रयोगशाळांत जाता येतं. तिथे प्लांटवर काम केलेल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला मान असतो.

माझं मत : एक-दोन वर्षं ही नोकरी कर, मग पर्यावरण जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. दरम्यान द्रवप्रवाहाचं प्राथमिक गणित आणि थोडं पायथन प्रोग्रामिंग शीक. दर मिनिटाला नोंदल्या जाणाऱ्या आकड्यांतून कल काढायला ते लागेल.

मुलाखतीत तूही विचार : गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कोण बघतं? धुलाई ठरलेल्या तारखेला होते की टीएमपी पाहून? शिकाऊ ऑपरेटरला जुन्या नोंदी उघडून बघता येतात का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ही जागा सोड आणि दुसरा प्लांट शोध.