जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचे रुग्णालय पन्नास वर्षांत मोठे का झाले नाही?

आपल्या तालुक्यात लोकवर्गणीतून रुग्णालय उभारायचे आहे, तर जामखेडकडून काय घ्यावे, असेही प्रश्नकर्त्याने विचारले आहे. माझी आई या प्रकल्पाची गावातली आरोग्य कार्यकर्ती होती. त्यामुळे ‘मोठे झाले नाही’ हे शब्द मला लागले.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला हा प्रकल्प उभारणारे दांपत्य, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, वेल्लोरला डॉक्टरकी शिकले आणि नंतर नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करू लागले. तेथे खाटेवर येणारे बहुतेक आजार गावातच टाळता आले असते, आणि बरा करून घरी पाठवलेला रुग्ण त्याच पाण्यामुळे व त्याच उपासमारीमुळे परत येतो, हे त्यांना रोज दिसत होते. पुढे अमेरिकेत शिकून ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला, जनावरांच्या एका बंद पडलेल्या दवाखान्यात कामाला सुरुवात केली. प्रत्येक गावात प्रशिक्षित नर्स ठेवण्याचा पहिला बेत फसला, कारण बाहेरून आलेली एकटी बाई खेड्यात टिकत नव्हती. तेव्हा गावातलीच बाई निवडून तिला शिकवायचे ठरले. अशा बहुतेक बाया निरक्षर होत्या आणि अनेक दलित वस्तीतल्या होत्या. माझी आई त्यांच्यापैकी एक.

१९७२ च्या दुष्काळात प्रकल्पाने गावोगाव कूपनलिका घेतल्या, तेव्हा त्या शक्य तेथे दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाणी हवे असेल त्याने तेथे यावे. आमच्या वस्तीत भरायला येणाऱ्या हंड्यांमुळे आईचा पुढचा रस्ता सोपा झाला, असे ती नेहमी म्हणायची. तरीही सुरुवातीला वरच्या आळीतल्या घरांतून तिला ओसरीखालूनच बोलावले जाई.

त्याच आळीतली एक गरोदर सून पाय आणि तोंड सुजून, डोके धरून बसली होती. तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती आणि घरच्यांचा त्यांच्यावर विश्वास होता. सूज आणि डोकेदुखी एकत्र आली की एक रात्रही थांबायचे नाही, हे जामखेडच्या साप्ताहिक प्रशिक्षणात आईच्या मनावर ठसले होते. तिने सासूशी वाद घातला, आमची बैलगाडी जुंपायला लावली आणि स्वतः त्या मुलीचे डोके मांडीवर घेऊन बसली. जामखेडला रक्तदाब फार वाढलेला निघाला, शस्त्रक्रिया झाली, बाळंतीण आणि बाळ दोघेही वाचले. त्यानंतर आईला त्या घरात माजघरापर्यंत बोलावू लागले.

प्रश्नाचे उत्तर या प्रसंगातच आहे. चाळीस-पन्नास खाटांचे रुग्णालय पुरले, कारण ज्याला खाटेची खरोखर गरज होती तोच तेथे पोहोचत होता. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी घरीच मिळत होते, क्षयरोग्याच्या गोळ्या चुकत नव्हत्या, कुष्ठरोग्याला गाव बाहेर काढत नव्हते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती आणि नव्वदच्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. खाटा मोजून एखाद्या रुग्णालयाची वाढ ठरवणे मला चुकीचे वाटते, आणि ज्या संस्था दरवर्षी नव्या मजल्याचे उद्घाटन करतात त्यांनी त्याच वर्षी आसपासच्या गावांत किती आजार कमी झाले हेही सांगावे.

माझे मामा, वस्तीतले पहिले डॉक्टर, या कामाच्या विरोधात होते. आपल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या गावाची बाळंतपणे फुकट केली, आता पुन्हा तेच करायचे असेल तर आम्ही शिकलो कशाला, असे ते आईला तोंडावर म्हणत. त्यांना शंभर खाटांचे रुग्णालय आणि त्यात आपल्या मुलींना पगारी नोकऱ्या हव्या होत्या. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण निष्कर्ष मला आजही मान्य नाही. जुन्या सुईणीला बोलावले जाई ते सोवळ्याओवळ्याच्या नियमांनी; माझ्या आईने डॉक्टरांनी दिलेला सल्ला बाजूला सारला तो ज्ञानाच्या बळावर, आणि तिचे ऐकले गेले. वस्तीतल्या बाईचा शब्द गावाने मानणे ही मोठ्या इमारतीतून मिळणारी गोष्ट नव्हती.

अर्थात, त्या रात्री जामखेडला भूल देणारा आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नसता तर आईच्या ज्ञानाचा उपयोग झाला नसता, म्हणून रुग्णालयच नको असे मी म्हणत नाही. जेथे गावे विखुरलेली आहेत आणि रस्ते नाहीत तेथे हिशेब वेगळा असेल. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. आरोळे २०११ साली गेले. अशी माणसे प्रत्येक तालुक्याला मिळतील असेही नाही.

मामांचा एक मुद्दा मात्र आपण अवश्य घ्यावा. आईसारख्या बायांनी सेवाभावाने काम केले आणि घर शेतमजुरीवर चालवले. आपल्या अंदाजपत्रकात इमारतीच्या पायाच्या खर्चाआधी गावोगावच्या कार्यकर्त्यांचे मानधन लिहा, आणि विश्वस्त मंडळात त्यांच्यापैकी निदान दोघींना मताच्या अधिकारासह बसवा.