षटकोनावर पिरॅमिड उभाच राहत नाही!

प्रश्न : लेकीच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठ्याचे पिरॅमिड करतोय. सगळे त्रिकोण समभुज, बाजू १० सेमी. त्रिकोणी, चौकोनी, पंचकोनी पायावर झकास उभे राहिले. पण षटकोनाच्या बाजूंना सहा त्रिकोण जोडून वर उचलले तर टोकं जुळतच नाहीत, पार खाली पायावर झोपवले तेव्हाच मधोमध भेटली. दोनदा नव्याने कापलं, तरी तेच. माझं माप कुठे चुकतंय?

उत्तर : माप अजिबात चुकलेलं नाहीये, उलट तुम्ही इतकं नीट कापलंय म्हणूनच टोकं बरोब्बर मधे भेटली. आधी टोकाकडे बघा. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, म्हणजे टोकाभोवती तीन त्रिकोण आले की १८०, चार आले की २४०, पाच आले की ३००, आणि सहा आले की ३६०, झाला की पूर्ण फेरा! पुठ्ठा वर उचलला जायला या फेऱ्यात थोडी तरी जागा उरावी लागते आणि सहाला ती शिल्लकच नाही.

आता हेच पायाकडून बघा, मला तर ही बाजू जास्त आवडते. पायाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर, पिरॅमिडची उंची आणि तिरकी कड मिळून काटकोन त्रिकोण होतो, कर्ण म्हणजे ती १० सेमीची कड. त्रिकोणी पायात मध्य ते कोपरा साधारण ५.७७ सेमी म्हणून उंची ८.१६ मिळते, पंचकोनात ते अंतर ८.५१ होतं तर उंची ५.२६ वर येते, आणि चौकोनात गंमत बघा, दोन्ही ७.०७! म्हणून तर असे दोन चौकोनी पिरॅमिड पायाला पाया लावून चिकटवले की सुंदर अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी बाजूंचा ठोकळा, तयार होतो, एकदा करून बघाच. षटकोनात मात्र मध्य ते कोपरा हे अंतर बाजूइतकंच असतं, इथे १०, कर्णही १०, मग उंची शून्य. सप्तकोन घेतलात तर टोकं मध्यापर्यंत पोचणारच नाहीत.

षटकोनी पिरॅमिड हवाच असेल तर समभुजचा हट्ट सोडा, समद्विभुज त्रिकोण कापा. पायाची बाजू ६, तिरक्या कडा १० घ्या, उंची बरोब्बर ८ सेमी येते. त्रिकोण आखताना त्याची स्वतःची उंची साधारण ९.५४ धरा, इथे ८ धरून कापलंत तर पिरॅमिड बुटका होईल, ही चूक फार जण करतात.

प्रश्न : पाया सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे, असला की पिरॅमिड सुसम झालाच ना?

उत्तर : नाही, टोकही पायाच्या मध्याच्या बरोब्बर वर हवं. तपासायला सोपं आहे, पायाच्या प्रत्येक कोपऱ्यापासून टोकापर्यंतची कड मोजा, सगळ्या सारख्या भरल्या तर टोक मध्यावरच आहे. एका बाजूला सरकलेलं असेल तर पिरॅमिड तिरका, पण लंब उंची तीच असेल तर घनफळ तसूभरही बदलत नाही, पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन.