म्हातारी मनी गादीवर शू करते

प्रश्न : आमची मांजर मनी 14 वर्षांची. महिनाभर शू-शीचा ट्रे सोडून गादीवर शू करते. फिनाइलने पुसलं तरी पुन्हा तिथेच.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : रागावू नका, हा खोडसाळपणा नव्हे. आधी लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), साखर, थायरॉइड तपासून घ्या. पाणी जास्त पीत असेल तर लगेच. सगळं ठीक निघालं तर सांधे दुखतात का बघा. ट्रेच्या काठाशी पाय उचलते, थबकते, परत फिरते? मग एका बाजूचा काठ 5 सेंमीपर्यंत कापा, कड घासून गुळगुळीत करा. दुखण्यावर घरातली गोळी मात्र नको. पॅरासिटामॉल मांजरीला विषच. फिनाइलही घातक, शिवाय तिच्या नाकाला जुना वास येतच राहतो. एन्झाइमवालं (लघवीचा अंश मोडणारं) क्लीनर गादीत खोलवर मुरू द्या.