स्टिलच्या ओळीसमोर शून्य नको

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि बजेटचा कच्चा आराखडा, दोन्ही मिळालं. पटकथा मला मनापासून आवडली, तिच्याबद्दल भेटल्यावर बोलू. पण 'वितरणाचं शूटिंग झाल्यावर बघू' या तुझ्या एका वाक्याने मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

ब्रिटनमध्ये चित्रपटासाठी पैसा उभा करण्याची बाजू तू चांगली समजून घेतली आहेस. राष्ट्रीय लॉटरीचा पैसा बीएफआय, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमार्फत, टीव्हीचा चॅनल फोरच्या फिल्म फोर किंवा बीबीसी फिल्मकडून, आणि मोठा आधार करसवलतीचा. १ एप्रिल २०२४ पासून शूटिंग सुरू झालेल्या छोट्या चित्रपटांना पात्र खर्चावर ५३ टक्के सवलत मिळते. तिच्यावर पुन्हा कर लागतो, म्हणून हातात ४० टक्क्यांच्या आसपास येतात. तू पूर्ण ५३ धरलेत, ते आधी दुरुस्त कर. हा पैसा खर्च झाल्यावर, हिशेब सादर केल्यावर मिळतो. तोवर तो व्याजाने उचलावा लागतो, आणि व्याजाची ओळ तुझ्या आराखड्यात नाही. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेव. ही सवलत थिएटरसाठी बनणाऱ्या चित्रपटालाच आहे, आणि जाहिरात-वितरणाचा खर्च तिच्यात धरत नाहीत. म्हणजे चित्रपट कुठे दाखवणार हे तुला पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं आणि दाखवण्याचा पैसा वेगळा शोधावा लागतो.

आता तिकिटाचा हिशेब मांडू. समजा, तिकीट १२ पौंडांचं आहे. त्यातले २ व्हॅटचे. राहिलेल्या १० मधून थिएटर आपला वाटा ठेवतं आणि वितरकाकडे येतात तीन-साडेतीन. वितरक त्यातून स्वतःचं कमिशन घेतो, मग पोस्टर, ट्रेलर, सेन्सॉरची फी, जाहिराती यांवर केलेला खर्च वळता करतो. नंतर चित्रपटाचे हक्क विकून देणारा सेल्स एजंट, नंतर ज्यांनी पैसे घातले ते, आणि सगळ्यांत शेवटी तू. गुंतवणूकदारांच्या करारात हा क्रम असतो. तो चहाचा कप बाजूला ठेवून, ओळ न् ओळ वाचायचा असतो. 'निव्वळ नफ्यात ५० टक्के' असं कोणी लिहून दिलं तर 'निव्वळ' म्हणजे काय काय वजा करून, हे विचारायला अजिबात लाजू नकोस.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. तुझ्या आराखड्यात स्टिल फोटोग्राफरच्या, म्हणजे पोस्टर-जाहिरातींसाठी सेटवर फोटो काढणाऱ्याच्या, ओळीसमोर शून्य आहे.

मी पहिला चित्रपट केला तेव्हा आम्हीही तिथे शून्यच टाकलं होतं. बावीस दिवस पावसात शूटिंग केलं, आणि वितरकाने पहिल्या बैठकीत विचारलं, "फोटो कुठे आहेत?" मग आम्ही चित्रपटातूनच फ्रेम उचलायला बसलो. पडद्यावर जिवंत वाटणारा नायिकेचा चेहरा छापल्यावर पुसट, हललेला दिसायचा. हात उचलला तर बोटं पसरलेली, वळली तर डोळे अर्धवट मिटलेले. शेवटी तिची पाठमोरी आकृती पोस्टरवर गेली. तिच्यासाठीच तर चित्रपट केला होता, आणि तिचं तोंडच कोणाला दिसलं नाही. ते पोस्टर अजून माझ्याकडे आहे.

आता १९९६ चं 'ट्रेनस्पॉटिंग' आठव. चॅनल फोरच्या पैशांतून साधारण पंधरा लाख पौंडांत झालेला चित्रपट, आणि वितरक पॉलिग्रामने त्याच्या जवळपास निम्मी रक्कम नुसत्या जाहिरातीवर लावली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कृष्णधवल माणसं आणि भडक नारिंगी पट्टा. नायक रेंटन ओलाचिंब, स्वतःलाच मिठी मारून उभा. ते फोटो दृश्यांमधून उचललेले नव्हते, पोस्टरसाठी कलाकारांना वेगळं उभं करून काढले होते. तुझ्याकडे पॉलिग्रामचा पैसा नाही, पण चांगला फोटोग्राफर दोन दिवस सेटवर आणण्याइतका नक्की आहे.

कमी पैशांत काय करता येतं, याचंही उदाहरण देतो. बेन व्हीटलीचा 'अ फील्ड इन इंग्लंड' बारा दिवसांत चित्रित झाला आणि ५ जुलै २०१३ ला थिएटर, डीव्हीडी, टीव्ही आणि मागणीनुसार पाहण्याच्या सेवा, सगळीकडे एकाच दिवशी आला. लहान वितरकाला थिएटरसाठी एकदा आणि डीव्हीडीसाठी पुन्हा, अशी दोनदा जाहिरात परवडत नाही, म्हणून एकदाच केलेल्या जाहिरातीवर सगळं चालवलं. हे त्यांना जमलं कारण फिल्म फोर, थिएटर, डीव्हीडी काढणारे सगळे आधीपासून बरोबर होते. यातला एखादा हक्क घाईत दुसऱ्याला विकून टाकला असता तर अख्खा बेत कोसळला असता. म्हणून सांगतो, ब्रिटनचे हक्क सुरुवातीच्या तंगीत स्वस्तात देऊ नकोस.

मार्क जेन्किनचा 'बेट' (इंग्रजी Bait, म्हणजे आमिष) तर कॉर्नवॉलमध्ये चावीच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर झाला. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धा मिनिट चालतो तो. फिल्मही त्याने स्वतःच्या हाताने धुतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये बर्लिनचा चित्रपट महोत्सव, ऑगस्टच्या अखेरीस थिएटर. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण आधी त्या कॅमेऱ्याबद्दल लिहायचा. म्हणजे बनवण्याची रीत हीच त्याची बातमी झाली. तुझ्या चित्रपटात अशी सांगण्याजोगी गोष्ट कोणती, ते आत्ताच शोध.

प्रदर्शन शुक्रवारी होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात खेळ राहणार की नाही हे सोमवारी सकाळी वितरक आणि थिएटरवाले फोनवर ठरवतात. तीन दिवस, बस. ज्यांच्यासाठी चित्रपट केलास ती माणसं त्या तीन दिवसांत आली पाहिजेत. त्यांची नावानिशी यादी आजपासून कर: तू जिथे शूटिंग करणार त्या गावाचा फिल्म क्लब, कोळी बांधव, शाळा, लंडनमधली आपली मंडळंसुद्धा, कारण तुझ्या कथेतली आई मराठीतच बोलते.

सुधारलेला आराखडा रविवारपर्यंत पाठव. स्टिलच्या ओळीसमोर आकडा टाक, मग बाकीच्या ओळी आपण दोघं मिळून कापू.

तुझा,
काका